परवाना राज्याचा, मर्जी कंपनीची

टेक्ससमध्ये विमा एजंटचा परवाना काढणं फारसं अवघड नाही, हे आधीच सांगून टाकते. कस लागतो तो परवाना हातात आल्यावर. त्याबद्दल आपल्या लोकांत फारसं कुणी बोलत नाही, कारण जे बोलतात त्यांना तुम्हाला भरती करायचं असतं.

डॅलसच्या उत्तरेला, प्लेनो-फ्रिस्कोकडे राहणाऱ्यांना हा प्रकार माहीत असेल. शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी ‘फायनान्शियल लिटरसी’ असते. समोसे, चहा, व्हाइटबोर्ड. बोर्डावर ‘७२चा नियम’ मांडून पैसे किती वर्षांत दुप्पट होतात ते दाखवतात, मग शेअर बाजाराशी जोडलेली आयुर्विमा पॉलिसी येते, आणि शेवटी ‘तुम्हीपण आमच्या टीममध्ये या’. परवाना काढा, पहिली पॉलिसी स्वतःची घ्या, मग ओळखीच्यांची यादी करा. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसालासुद्धा हे सर्रास सांगितलं जातं. त्या व्हिसावर फक्त त्याच कंपनीचं काम करता येतं जिने व्हिसा काढलाय. कमिशनवरचा जोडधंदा अंगाशी येऊ शकतो. एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या नवऱ्या-बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, असून कामाची परवानगी, म्हणजे इएडी, हातात असेल तर गोष्ट वेगळी. माझी सुरुवात त्याच इएडीवर झाली.

माझे बाबा साताऱ्याला एलआयसीचे एजंट होते. जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात हप्त्यांच्या पावत्या आणि डायऱ्या कायम पडलेल्या असायच्या, त्यामुळे हा धंदा मला नवा नव्हता. पण तिकडचं माहीत असणं इथे अभ्यासाला नडतं.

टेक्ससमध्ये परीक्षेआधी वर्ग करायची सक्ती नाही. न्यू जर्सीत आहे, तिथे ठरावीक तास भरल्याशिवाय परीक्षेला बसूच देत नाहीत. मी ‘लाइफ, ॲक्सिडेंट, हेल्थ आणि एचएमओ’ (ठरावीक डॉक्टर-हॉस्पिटलांपुरती आरोग्य योजना) या परवान्याच्या मागे होते. पुस्तक विकत घेतलं, सरावाचे प्रश्न घेतले, आणि मुलं शाळेत गेली की बसायचे. विम्याची मूळ तत्त्वं दोन्हीकडे सारखीच आहेत, आकडे मात्र वेगळे. भारतात पॉलिसीला तीन वर्षं झाली की खोटी माहिती दिली म्हणून कंपनीला ती नाकारता येत नाही, विमा कायद्याचं कलम ४५ म्हणतात ते हेच. इथे दोन वर्षं. आत्महत्येचं कलम भारतात एक वर्षाचं, इथे सहसा दोन वर्षांचं. हप्ता चुकला तर भारतात महिन्याच्या हप्त्याला १५ दिवसांची सवलत, बाकीच्यांना ३०. इथे आरोग्याच्या वैयक्तिक पॉलिसीत आठवड्याच्या हप्त्याला ७ दिवस, महिन्याच्या हप्त्याला १०, बाकी सगळ्याला ३१.

परीक्षेतला प्रश्न बाहेर सांगायचा नसतो, म्हणून सरावातला सांगते. हप्ता महिन्याचा आहे, मुदत उलटून आठ दिवस झालेत, हप्ता भरलेला नाही, आणि गिऱ्हाईक जिन्यावरून पडलं. कंपनी पैसे देईल का? चार पर्यायांतले दोन तर सरळच चूक असतात. उरलेल्या दोनांत एक असतं ‘नाही, कारण ७ दिवस उलटले’ आणि दुसरं ‘हो, कारण सवलतीच्या काळात पॉलिसी चालूच असते’. दहा दिवस डोक्यात पक्के नसतील तर तुम्ही पहिल्यावर बोट ठेवणार. दाव्याची सूचना २० दिवसांत, कंपनीने फॉर्म द्यायचा १५ दिवसांत, नुकसानीचा पुरावा ९० दिवसांत, पुरावा दिल्यावर ६० दिवस कोर्टात जायचं नाही, असे आकडे मी चिठ्ठ्यांवर लिहून फ्रिजला चिकटवले होते. नवरा दूध काढायला आला की त्याची परीक्षा घ्यायचे. त्याला अजूनही सगळे पाठ आहेत, उपयोग शून्य.

परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर झाली. खिसे उलटे करून दाखवायचे, बाह्या वर करायच्या, चष्मा काढून त्यांच्या हातात द्यायचा. मंगळसूत्र काढायला लावलं नाही, पण तिथल्या बाईंनी ते उचलायला सांगून मागून-पुढून नीट पाहिलं. मी म्हटलं, यात कॅमेरा असता तर मी नवऱ्यावर आधीच नजर ठेवली असती. त्या हसल्या नाहीत. पास व्हायला ७० गुण लागतात, आणि उठताना निकाल हातात मिळतो.

भारतातल्या एजंटांच्या आयसी-३८ परीक्षेत ५० प्रश्न आणि ३५ टक्क्यांना पास, त्या मानाने हे जड. पण मला फरक जाणवला तो विषयांत. इथल्या पुस्तकात विमा कसा विकावा यावर ओळसुद्धा नाही. काय करायचं नाही, यावर मात्र पानंच्या पानं. गिऱ्हाइकाचे पैसे स्वतःच्या खात्यात मिसळायचे नाहीत. दुसऱ्या कंपनीबद्दल खोटंनाटं सांगून चालू पॉलिसी मोडायला लावायची नाही, याला ट्विस्टिंग म्हणतात. आपल्याच कंपनीची जुनी पॉलिसी नुसत्या कमिशनसाठी बदलायला लावली तर चर्निंग. आणि गिऱ्हाइकाला आपल्या कमिशनमधला वाटा द्यायचा नाही, हे रिबेटिंग.

या शेवटच्यावर आपल्या लोकांशी वाद होतोच. परवाना मिळून फार दिवस झाले नव्हते तेव्हा ओळखीतल्या एका काकांनी मुलीसाठी टर्म पॉलिसी विचारली. सगळं समजावून झालं, चहा झाला, आणि काका पुढे सरकून हळू आवाजात म्हणाले, “पहिला हप्ता तूच भरशील ना?” मी म्हटलं, “काका, परवाना जाईल माझा.” “अगं, तिकडे तर सगळे भरतात!” तिकडेही चालत नाही हो, भारतातल्या कायद्याच्या कलम ४१ खाली तो गुन्हाच आहे. बाबा कधी द्यायचे नाहीत, आणि त्यापायी गिऱ्हाईक शेजारच्या एजंटाकडे जाताना मी पाहिलंय. काकांनी शेवटी पॉलिसी घेतली, पण माझ्याकडून नाही.

परीक्षेनंतर बोटांचे ठसे, टेक्ससच्या विमा खात्याकडे ऑनलाइन अर्ज, ५० डॉलर फी. अर्जात गुन्ह्यांबद्दल प्रश्न असतात आणि ते गांभीर्याने घ्यायचे. अप्रामाणिकपणाच्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला लेखी परवानगीशिवाय विम्याच्या धंद्यात शिरताच येत नाही, असा १९९४पासून संघीय कायदाच आहे. परवाना पीडीएफ म्हणून येतो. सोबत एक राष्ट्रीय क्रमांक मिळतो, एनपीएन. तो जन्मभर बदलत नाही, राज्य बदललं तरी.

आता गंमत बघा. परवाना आहे, क्रमांक आहे, पण विकायला काही नाही. परवाना म्हणजे तुम्हाला विषय कळतो आणि तुमच्यावर डाग नाही, एवढं राज्याने मान्य करणं. एखाद्या कंपनीची पॉलिसी विकायची तर त्या कंपनीने राज्याला कळवायला लागतं की ही बाई आमच्या वतीने काम करते. याला अपॉइंटमेंट म्हणतात. टेक्ससमध्ये कंपनी नेमणुकीनंतर ३० दिवसांच्या आत खात्यात नोंद करते, आणि प्रत्येक कंपनीची नोंद वेगळी. भारतात एजंटला एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचं काम करता येतं, बाबांची सगळी कारकीर्द एकाच कंपनीत गेली. इथे स्वतंत्र एजंटला कितीही कंपन्या घेता येतात. त्या कंपन्यांनी तुम्हाला घेतलं पाहिजे, एवढंच.

आणि घेण्याआधी त्या तुमची जी चिरफाड करतात, ती राज्यसुद्धा करत नाही. बँकेचा तपशील, कराचा फॉर्म, मनी लाँडरिंगविरोधी प्रशिक्षणाचा दाखला, आपल्या चुकीने गिऱ्हाइकाचं नुकसान झालं तर उपयोगी पडणारा ‘इ अँड ओ’ विमा. हो, विमा विकण्याआधी एजंटनेच विमा काढायचा. मग गुन्ह्यांची तपासणी, क्रेडिटची तपासणी, दुसऱ्या कुठल्या विमा कंपनीचं देणं थकलंय का त्याची तपासणी. आणि मागच्या काही वर्षांचा नोकरीचा इतिहास, महिन्यांसकट.

माझं गाडं तिथे अडलं. पुण्यात बँकेत होते तिथपर्यंत सगळं ठीक, त्यानंतर काही वर्षं कोरी. फॉर्मच्या त्या चौकोनात कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, व्हिसामुळे काम करायला मनाई होती. एका कंपनीने फाइल परत पाठवली, पुरावा द्या म्हणून. काम न करण्याचा पुरावा काय देणार? व्हिसाच्या प्रती, इएडीची प्रत आणि एक पानाचं पत्र जोडलं. मग क्रेडिटचा मुद्दा निघाला. घर, गाडी, कार्ड सगळं नवऱ्याच्या नावावर, माझ्या नावावर एक दुकानाचं कार्ड. ज्या बाईने घरखर्चातली पै न् पै लिहून ठेवली तिची पत शून्य. पुन्हा पत्र. दुसऱ्या कंपनीने तेच कागद बघून काही न विचारता घेतलं. प्रत्येकीचे नियम वेगळे असतात. एच-फोरवरून कामाला लागणाऱ्या बायकांना माझं सांगणं एवढंच, की परीक्षेच्या अभ्यासाआधी स्वतःच्या नावावर एक कार्ड घ्या आणि ते वेळेवर फेडत राहा.

बहुतेकींचं कंपनीशी थेट काम नसतं, मध्ये एक एजन्सी असते. तिला इथे ‘अपलाइन’ म्हणतात. कमिशन किती टक्के ते तिथे ठरतं, आणि त्या करारात एक कलम असतं जे सहीआधी दोनदा वाचायला हवं. एजन्सी सोडून त्याच कंपनीचं काम दुसऱ्या एजन्सीमार्फत करायचं असेल तर जुनीकडून ‘रिलीज’ मिळावं लागतं. नाही दिलं तर महिनोन् महिने थांबा. समोसे खाऊन सही केलेले बरेच जण इथे अडकलेत. दुसरं म्हणजे आगाऊ कमिशन. आयुर्विम्यात पुढच्या बऱ्याच महिन्यांचं कमिशन सुरुवातीलाच देतात. गिऱ्हाइकाने मध्येच हप्ते थांबवले की कंपनी उरलेले पैसे परत मागते. आणि हे देणं थकलं की ते इतर कंपन्यांना दिसतं, वर सांगितलेली तपासणी त्याचसाठी. मी आगाऊ न घेता महिन्याच्या महिन्याला घेते. थोडं हातात येतं, पण रात्री झोप लागते.

अजून एक खोच आहे. बऱ्याच कंपन्या करार झाला तरी लगेच अपॉइंटमेंट नोंदवत नाहीत, पहिला अर्ज आला की नोंदवतात, कारण प्रत्येक नोंदीला त्यांना राज्याला पैसे द्यावे लागतात. टेक्ससमध्ये हे चालतं. पण माझी एक मैत्रीण पिट्सबर्गला असते, तिला पॉलिसी हवी होती. मी पेनसिल्व्हेनियाचा बिगर-निवासी परवाना काढला, तो घरबसल्या आणि पुन्हा परीक्षा न देता मिळतो. पण तिथे अपॉइंटमेंट आधी झाली पाहिजे, अर्ज नंतर. तारीख उलटी पडली तर अर्ज बाद. विम्याचं नियमन १९४५च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने राज्यांकडे राहिलं, त्यामुळे राज्याची सीमा ओलांडली की असे छोटे छोटे फरक सगळीकडे. भारतात आयआरडीएआय ही एकच संस्था, हे सुख इथे आल्यावर कळतं.

माझं निम्मं काम आता मेडिकेअरचं, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं आहे. मुलांनी ग्रीन कार्डवर बोलावून घेतलेले आईवडील हे आपल्याकडचं नेहमीचं घर. वय ६५ आणि ग्रीन कार्डावर सलग ५ वर्षं इथे राहणं झालं की त्यांना मेडिकेअर विकत घेता येतं. इथे नोकरी केलेली नसेल तर फुकट म्हणून प्रसिद्ध असलेल्या हॉस्पिटलच्या खर्चाच्या पार्ट ‘ए’लाही पूर्ण हप्ता पडतो, २०२५मध्ये तो महिना ५१८ डॉलर होता, वर डॉक्टरांच्या खर्चाच्या पार्ट ‘बी’चे १८५. माणशी. हा आकडा ऐकून मुलगा सुनेकडे बघतो आणि सून माझ्याकडे. मग आजोबा म्हणतात, साताऱ्याला जाऊन ऑपरेशन करून आलो तरी स्वस्त पडेल. हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. पण ऑपरेशन तारीख विचारून येत नाही.

मेडिकेअर ॲडव्हांटेज, म्हणजे खाजगी कंपन्यांमार्फत मिळणारे मेडिकेअरचे प्लॅन, विकायला राज्याचा परवाना आणि अपॉइंटमेंट पुरत नाही. दर वर्षी जूनच्या शेवटी सुरू होणारं एक प्रमाणपत्र घ्यावं लागतं, बहुतेक कंपन्यांना एहिप या आरोग्य विमा कंपन्यांच्या संघटनेचं चालतं. पास व्हायला ९० टक्के लागतात आणि संधी ३. तीन वेळा हुकलं की काही कंपन्या त्या वर्षी काम देत नाहीत. त्यानंतर प्रत्येक कंपनीचं स्वतःचं प्रशिक्षण, तेही दर वर्षी. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या नोंदणीच्या काळाआधी हे सगळं उरकायचं, म्हणजे आमचा अभ्यास ऐन श्रावण-गणपतीत. मोदक वळता वळता मी औषधांच्या टप्प्यांचे व्हिडिओ ऐकलेत.

नियम तर विचारूच नका. प्लॅनबद्दल बोलण्याआधी, काय काय बोलणार आहोत ते लिहून त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यायची, आणि सहसा ४८ तास थांबायचं. मावशी चहा पुढे करत म्हणतात, “अगं तू घरचीच, सही कसली घेतेस?” आणि मी सही घेऊन, प्लॅनबद्दल चकार शब्द न काढता, चहा पिऊन परत येते. मावशींना वाटतं मुलगी मंद आहे. भेटवस्तू १५ डॉलरच्या आतली. विक्रीच्या कार्यक्रमात जेवण द्यायचं नाही, हलका खाऊ चालतो. मंडळाच्या हॉलमध्ये मी प्लॅनच्या विक्रीची बैठक घेतली तेव्हा बटाटेवडा खाऊ की जेवण यावर आमच्या एजन्सीत खरोखर चर्चा झाली. बिस्किटांवर निभावलं. लोक नाराज झाले, ते वेगळं.

राहिलं सततचं शिक्षण, इथल्या भाषेत ‘सीई’. टेक्ससमध्ये दर २ वर्षांनी २४ तास, त्यातले ३ नीतिमत्तेचे, आणि निम्मे तरी वर्गातले किंवा वर्गासारखे धरले जाणारे. परवाना वाढदिवसाच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला संपतो, म्हणून केक कापायच्या आधी तास मोजायचे. तास कमी भरले तर राहिलेल्या प्रत्येक तासाला ५० डॉलर दंड, आणि दंड भरून तास पूर्ण केल्याशिवाय नूतनीकरण नाही. बाहेरच्या राज्यांच्या परवान्यांना मात्र घरच्या राज्याचे तास चालतात, ती एक मेहेरबानी. ॲन्युइटी (पेन्शनसारखी योजना), दीर्घकालीन देखभालीचा विमा, यांचं वेगळं प्रशिक्षण असतं, ते आधी करायचं, मग विकायचं.

बहुतेक जण स्वस्तातलं स्वस्त पॅकेज घेतात, पानं उलटत जातात आणि शेवटी चाचणी देतात. मीही सगळे तास मन लावून ऐकते असं नाही. नीतिमत्तेचा कोर्स दर खेपेला तोच असतो, फक्त खोट्या सह्या करणाऱ्या एजंटचं नाव बदलतं. पण दीर्घकालीन देखभालीचा कोर्स मी दोन्ही कानांनी ऐकला, कारण मेडिकेअर वृद्धाश्रमातल्या दीर्घ मुक्कामाचा खर्च देत नाही हे इथे राहून निम्म्या घरांना माहीत नसतं. तो कोर्स केल्यावर माझ्या जुन्या गिऱ्हाइकांना पुन्हा फोन केले, कुणाला काही विकायला नाही, नुसतं सांगायला. आणि एक गोष्ट कोर्समध्ये शिकवत नाहीत ती इथे सांगते. टेक्ससच्या विमा खात्याच्या संकेतस्थळावर कुठल्याही एजंटचं नाव टाकून परवाना चालू आहे का आणि कुठल्या कंपन्यांची अपॉइंटमेंट आहे ते कुणालाही बघता येतं. व्हाइटबोर्डपुढे बसण्याआधी, फोनवर तेवढं बघून घ्या. माझंही बघा.

माझ्या यादीतली एक कंपनी मागच्या वर्षी कमी झालेली दिसेल. दोन ओळींचं पत्र आलं, वर्षभरात पुरेसा धंदा आला नाही म्हणून अपॉइंटमेंट रद्द. यात ठपका वगैरे काही नसतो. ठपका ठेवून काढलं असतं तर कंपनीला ते कारणासह खात्याला कळवावं लागलं असतं आणि पुढची प्रत्येक कंपनी त्याचा जाब विचारत बसली असती. परवाना शाबूत, गिऱ्हाइकांच्या पॉलिसी शाबूत, जुनं कमिशन करारात कायम धरलेलं असल्याने तेही चालू. फक्त त्या कंपनीची नवी पॉलिसी मला विकता येत नाही. परवा त्याच कंपनीची पॉलिसी एकांना हवी होती, तिचा दर त्यांच्या वयाला खरंच बरा बसत होता. मी दुसऱ्या एजंटचा नंबर दिला.

सलग २० वर्षं परवाना टिकवला की सीईतून सूट मिळते. मला वेळ आहे. नीतिमत्तेचे ३ तास या महिन्यात उरकायचेत, गणपतीआधी.